टिपणीसबाईंचा डिस्प्ले

टिपणीसबाई कोणाला माफ करत नसत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. काहींना कारलं आवडत नाही, काहींना उन्हात डोकं दुखतं, तसं बाईंना माफ करणं जमत नसे. पण त्या भांडायच्याही नाहीत. कोणी अपमान केला की चष्मा काढायच्या, पदराने दोन्ही काचा पुसायच्या, पुन्हा डोळ्यांवर चढवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "असू दे. घाई कोणाला आहे?" आमच्या ऑफिसातल्या जुन्या लोकांना या वाक्याचा अर्थ माहीत होता. ज्याच्याबद्दल ते म्हटलं जाई, त्याच्याकडे सगळे पुढचे काही महिने दयेने बघत.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. मागे पत्र्याची शेड, पुढे दोन खोल्यांचं ऑफिस. कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्यांना लागणारे टेम्परेचर कंट्रोलर आम्ही बनवायचो. टाकीतलं पाणी किती तापलं ते दाखवायचं आणि जास्त तापलं की हीटर बंद करायचा, एवढं त्या डब्याचं काम. उल्हासनगरला तेव्हा जीन्सचा धंदा जोरात होता, त्यामुळे आमचंही बरं चाललं होतं. बाई डिझाइनला होत्या आणि मी ट्रेसर. म्हणजे इंजिनियरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवायचं आणि त्याच्या प्रिंट काढायच्या. आमची टेबलं पाठीला पाठ लावून होती. त्या मला "सरोज, तू" म्हणायच्या, दुपारी डबा माझ्याबरोबर खायच्या आणि आपल्या डब्यातली अर्धी भाजी न विचारता माझ्या पोळीवर वाढायच्या.

उंच, काटकुळ्या, केसांचा घट्ट अंबाडा. पर्समध्ये रुमालाच्या शेजारी टेस्टर आणि मल्टीमीटर. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. बेलवलीला एका सोसायटीत भावाच्या कुटुंबाबरोबर राहायच्या. त्या सोसायटीतली एक गोष्ट त्यांनी मला स्वतः सांगितली होती. पाण्याचा पंप सारखा बंद पडायचा म्हणून मीटिंग होती. बाईंनी स्टार्टरबद्दल काही सुचवलं, तर देवधरकाका म्हणाले, "बायकांनी विजेच्या कामात पडू नये. तुम्ही चहाचं बघा." बाईंनी चष्मा पुसला. चहाही केला.

पुढे दीड वर्ष गेलं. क्रिकेटची कुठलीशी फायनल होती, काकांच्या घरी बारा-पंधरा माणसं जमलेली, आणि शेवटच्या षटकांत टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या. कोणीतरी बाईंना बोलावलं. बाई गच्चीवर गेल्या, अँटेनाची सुटलेली वायर हातात धरली आणि कठड्यावरून खाली वाकल्या.

"काका, हे विजेचं काम आहे की चहाचं?"

"अहो जोडा हो लवकर! पाच ओव्हर राहिल्यात!"

"जोडते ना. पण बायकांना कळतं का यातलं?"

खाली सगळी बिल्डिंग हसायला लागली. काका लालबुंद झाले. एक ओव्हर तशीच गेली. शेवटी ते ओरडले, "कळतं, बाई, कळतं! तुम्हाला सगळं कळतं!" तेव्हा कुठे वायर जोडली गेली. बाई मला म्हणाल्या, "मला माफी नको असते गं सरोज. माफी काय, कोणीही मागतं. ज्याने म्हटलं त्यानेच उलटं म्हटलं पाहिजे, आणि सगळ्यांसमोर."

दुसरा प्रसंग माझ्यासमोरच घडला. आमचे जुने कंट्रोलर काट्याचे होते. नव्यावर अक्षरं दाखवणारा डिस्प्ले बसवायचा असं मालकांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, ठरवलं. हा डिस्प्ले म्हणजे एक हिरवट काचेची पट्टी, तिच्यात सोळा-सोळा घरांच्या दोन ओळी, आणि एका घरात एक अक्षर. मी उल्हासनगरला कॅम्प एक नावाच्या वस्तीत वाढलेली, तिथली दुकानं मला पाठ, म्हणून बाई मला घेऊन एका सिंधी शेठकडे गेल्या. एक डिस्प्ले आणला, तो खराब निघाला. परत द्यायला गेलो तर शेठ गिऱ्हाइकांसमोर हसून म्हणाला, "मॅडम, माल एकदम ओके है. आपको लगाना नहीं आया होगा."

बाईंनी चष्मा पुसला. या वेळी मात्र चारच दिवस थांबल्या. शनिवारी संध्याकाळी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, बॅटरी, वायरी आणि छोटं सर्किट घेऊन त्या काउंटरवर ठाण मांडून बसल्या. "खोका निकालो. दस लेने हैं. देख के लूँगी." शेठला नाही म्हणता येईना. एकेक डिस्प्ले जोडायच्या, चांगला असला तर वरच्या ओळीत काळे चौकोन उमटायचे. खराब निघाला की मोठ्याने "ये भी गया" म्हणून काउंटरवर मांडायच्या. सात खराब निघाले. गिऱ्हाइकं आपली खरेदी विसरून बघत राहिली.

"अदी, बस करो ना," शेठ घाम पुसत म्हणाला. अदी म्हणजे ताई.

"पहले बोलो शेठ, लगाना किसको नहीं आया?"

"मेरे को नहीं आया, अदी. मेरे को."

त्यानंतर आम्ही गेलो की तो उठून उभा राहायचा. त्या संध्याकाळी बाई रस्ताभर अगदी तृप्त दिसत होत्या. मला तेव्हा या सगळ्याची गंमत वाटायची, कारण निशाण्यावर दरवेळी दुसरंच कोणीतरी असायचं.

डिस्प्ले आला, पण तो चालेना. मायक्रोकंट्रोलर नावाची एक चिप असते. तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहायचा आणि तिने डिस्प्लेला कुठल्या घरात काय लिहायचं ते सांगायचं, असा तो कारभार. बाईंकडे माहितीची पानं होती ती झेरॉक्सची झेरॉक्स, निम्मी अक्षरं उडालेली. अकरा दिवस त्या पट्टीवर एकच दृश्य होतं. वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन, खालची ओळ कोरी. बाराव्या दिवशी दुपारी त्या एवढ्या जोरात "सरोज!" ओरडल्या की माझ्या पेनातून शाईचा थेंब पडला. जाऊन बघते तर पट्टीवर इंग्रजीत माझं नाव.

"झोपलेला असतो गं तो," त्या म्हणाल्या. "आमचा दादा एका हाकेला हूं करतो, दुसऱ्या हाकेला कूस बदलतो, तिसऱ्या हाकेला उठतो. यालाही तीच कमांड तीनदा द्यायची. आणि दोन हाकांच्या मध्ये थांबायचं. लगेच लगेच ओरडलं तर हा उठतच नाही."

प्रोग्रॅममध्ये म्हणूनच एकाखाली एक तीन सारख्या ओळी होत्या आणि त्यांच्या मध्ये नुसतंच थांबायला लावणाऱ्या ओळी. त्यांच्यापुढे बाईंनी कारण लिहून ठेवलं होतं. ते भाऊसाहेबांनी काढायला लावलं. त्यांचा नियमच होता की प्रोग्रॅमच्या कागदावर समजावणारं एक अक्षर नको, नाहीतर माणसं कागद पळवतील आणि शेजारच्या गाळ्यात हाच माल बनेल. माणसं म्हणजे आम्हीच. त्या तीन हाकांचं गुपित मग बाईंच्या डोक्यात राहिलं, आणि थोडं माझ्या.

पहिला नमुना एका डाइंगमध्ये लावला, तर तिथला कुळगावकडचा ऑपरेटर म्हणाला, "बाय, ह्यो इंग्लिश मना कलत नाय. तांबडा दिवा लागला का मी आपला पलतो." दुसरा कोणी असता तर हसून परत आला असता. बाईंनी आलेखाचा कागद काढला. त्या डिस्प्लेत आपल्या मनाची आठच अक्षरं घालता येतात, आणि एकेक अक्षर पाच ठिपके रुंद, आठ ठिपके उंच जागेत बसवावं लागतं. बाईंनी महिनाभर रोज डबा खाताना चौकोन काळे केले. 'थां' आणि 'बा', 'चा' आणि 'लू', मग 'ग', 'र', 'म'. सात झाली. आठव्या घरात भाऊसाहेबांनी हट्टाने कंपनीची खूण असलेली समई घालायला लावली. तो ऑपरेटर पट्टीवरचं "गरम थांबा" बोट ठेवून वाचत होता तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

भाऊसाहेबांनी तेव्हा सगळ्यांसमोर शब्द दिला होता. "बाई, हा कंट्रोलर चालला की डिझाइनच्या हेड तुम्ही. आणि ड्रॉइंगवर नाव तुमचं." आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात चौकटी असत. डिझाइन कोणाचं, ट्रेसिंग कोणाचं, मंजुरी कोणाची. मंजुरीत आणि डिझाइनमध्ये कायम भाऊसाहेबांचंच नाव, मग काम कोणी का केलेलं असेना. ट्रेसिंगच्या चौकटीत माझी आद्याक्षरं. हेडची खुर्ची मिळेल न मिळेल, त्याचं बाईंना काही नव्हतं. त्यांना ती चौकट हवी होती. मी त्यांचं नाव शाईने लिहिलं तेव्हा त्या माझ्या खांद्याशी उभ्या राहून कितीतरी वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "जरा मोठं नाही का होणार गं?"

"सगळ्यांची तीच साइज असते, बाई."

"असू दे मग," त्या म्हणाल्या. या वेळी चष्मा पुसला नाही.

महिन्याभरात भाऊसाहेबांचा भाचा निरंजन आला. पुण्याची डिग्री, इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात निम्मं इंग्रजी. तो हेड झाला. आणि एका सकाळी भाऊसाहेबांची चिठ्ठी माझ्या टेबलावर आली. कंट्रोलरच्या ड्रॉइंगवर डिझाइनच्या चौकटीत निरंजनचे नाव टाकावे.

ट्रेसिंग पेपरवरची शाई पुसता येत नाही. अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडावी लागते. मी खरवडली. बाई त्या दिवशी साइटवर होत्या, परत येईपर्यंत चार वाजणार होते. फोन करता आला असता. साहेबांना "बाई आल्यावर करते" म्हणता आलं असतं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, नोकरी हवी होती, हे सगळं खरं आहे, आणि ते मी इतक्यांदा स्वतःला सांगितलंय की आता मलाच त्याचा कंटाळा येतो. मी खरवडली आणि त्या जागी दुसरं नाव लिहिलं, नीट वळणदार अक्षरात.

दोन दिवसांनी प्रिंट बाईंच्या हातात गेली. ताज्या प्रिंटला अमोनियाचा वास येतो, तो अजून येत होता.

"हे कोणी खरवडलं?"

"साहेबांनी सांगितलं, बाई."

"सांगितलं कोणी ते विचारलं नाही मी."

बाईंनी चष्मा काढला. दोन्ही काचा पुसल्या. दुसऱ्या दिवसापासून डबा त्या शेडमध्ये जाऊन खायला लागल्या आणि मला "सरोजबाई, तुम्ही" म्हणू लागल्या. त्या 'तुम्ही'ने माझं काय झालं ते मी सांगत बसत नाही.

बाईंना डिझाइनमधून काढून टेस्टिंगला बसवलं. निरंजनने प्रोग्रॅम हातात घेतला, कारण नावावर घेतलेल्या वस्तूत काहीतरी आपलं करायला हवं होतं. एक दिवस तो चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सेम कमांड तीनदा! आणि मध्ये नुसतं वेटिंग! कोणी शिकवलं यांना?" त्याने दोन ओळी उडवल्या, थांबण्याच्या ओळीही उडवल्या. त्याच्या टेबलावर सगळं झकास चाललं, कारण तिथली वीज कधी जायचीच नाही. तो फक्त चिपचं बटण दाबून प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करायचा, आणि डिस्प्ले आधीच्या प्रोग्रॅमने केव्हाच जागा करून ठेवलेला असायचा. तपासणीची पद्धतही त्याने तशीच लिहून सही करून दिली. बटण दाबा, अक्षरं दिसली की पास.

बाई रोज बटण दाबत होत्या आणि पास लिहीत होत्या. मला कळत होतं. त्या तीन हाका मला त्यांनीच सांगितल्या होत्या. मीही बोलले नाही. भाऊसाहेबांवर माझाही राग होता, ते एक झालं. पण खरं म्हणजे मला आशा होती की माझं हे गप्प बसणं बाई कुठेतरी माझ्या बाजूने धरतील. एकदा धीर करून विचारलं, "बाई, डिस्प्ले बंद पडून कोणाला भाजलं-बिजलं तर?"

"हीटर बंद करणारा रिले डिस्प्लेवर अवलंबून नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ते मी सगळ्यात आधी तपासलंय, सरोजबाई. पाणी जास्त तापलं की हीटर बंद होणारच. भाजलं तर एकट्या साहेबांना भाजेल."

उल्हासनगरला वीज जायची, यायची, येताना धाप लागल्यासारखी दोनदा खाली-वर व्हायची. महिन्याच्या आत एक डाइंगवाला शेठ कंट्रोलर काखेत मारून आला आणि भाऊसाहेबांच्या टेबलावर आपटला. "साईं, सोला काले डब्बे दिखते हैं. इसको क्या पढूँ मैं?" निरंजनने तो आपल्या टेबलावर लावला. कधी चालायचा, कधी नाही. चालला की "साइटचा प्रॉब्लेम" म्हणून परत जायचा आणि तिथे पुन्हा काळा व्हायचा. मग दुसऱ्या डाइंगचा आला, तिसऱ्याचा आला. निरंजनचा शर्ट चुरगळू लागला. शेवटी एका सकाळी शेठ लोक तिघे मिळून आले आणि म्हणाले, दुपारपर्यंत चालू करा नाहीतर सगळा माल उचलून न्या.

भाऊसाहेब शेडमध्ये आले, बाईंच्या टेबलाशी. मागे निरंजन, तिघे शेठ, आणि दारात आम्ही सगळे.

"बाई, बघता का जरा?"

"बघते की. आधी ड्रॉइंग मागवा."

मी ट्रेसिंग आणलं. बाईंनी ते टेबलावर पसरलं, चौकटीवर बोट ठेवलं आणि आपलं पेन भाऊसाहेबांपुढे धरलं. "हे खोडा. तुमच्या हाताने. आणि ज्याचं आहे त्याचं नाव लिहा."

"अहो, हे आता नंतर..."

"नंतर डिस्प्लेही बघता येईल. घाई कोणाला आहे?"

शेठ लोकांना मराठी पुरतं समजत नसेल, पण प्रकार समजत होता. कॅम्प एकचा तो डिस्प्लेवाला शेठ तिथे असता तर त्याने भाऊसाहेबांना सांगितलं असतं की लवकर म्हणून टाका. भाऊसाहेबांनी भाच्याच्या नावावर रेघ मारली. पेन तसंच थांबलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "पूर्ण नाव काय हो तुमचं?"

नऊ वर्षं बाई त्यांच्याकडे होत्या.

"कुंदा विष्णू टिपणीस," बाई म्हणाल्या. "लिहा. कुंदा. क ला पहिला उकार."

त्यांनी लिहिलं, खाली सही केली. बाईंनी प्रोग्रॅमच्या कागदात त्या ओळी परत घातल्या, नव्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरला, ती डब्यात बसवली आणि मेन स्विच दहा वेळा बंद-चालू करून दाखवला. दहाही वेळा पट्टीवर "चालू" उमटलं. मला असा आनंद झाला की टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. निरंजनचा पडलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पण पेपर त्या जागी एकदा खरवडून पातळ झाला होता. भाऊसाहेबांनी पेन दाबून लिहिल्यावर तो फाटला. सगळं ड्रॉइंग नव्याने गिरवावं लागणार होतं. दोन दिवस मी मान वर केली नाही. एकेक रेघ अशी काढली की माझ्या उभ्या नोकरीत तितकं चांगलं ड्रॉइंग झालं नसेल. डिझाइनच्या चौकटीत बाईंचं नाव लिहिलं. ट्रेसिंगच्या चौकटीत माझी आद्याक्षरं. शनिवारी संध्याकाळी बाई तपासायला आल्या. त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला होता, हे मला नंतर कळलं.

त्यांनी ड्रॉइंग वरपासून खालपर्यंत पाहिलं. स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं, न टेकवता. "छान झालंय," म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या डबीतलं अर्धं ब्लेड उचललं, खाली वाकल्या आणि माझी आद्याक्षरं खरवडायला लागल्या. सावकाश, हलक्या हाताने, पेपरला धक्का न लावता. ट्रेसर नसूनही त्यांचा हात माझ्याइतकाच साफ होता.

"बाई," मी म्हटलं, "हे साहेबांनी सांगितलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "हे मी करतेय."

शाईची बारीक पूड चौकटीत जमली होती. ती त्यांनी एका फुंकरीने उडवली, ब्लेड डबीत ठेवलं, पर्स खांद्याला लावली आणि गेटमधून बाहेर पडून डावीकडे वळल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. सोमवारी मी त्या ड्रॉइंगच्या बारा प्रिंट काढल्या, आणि बाराही प्रिंटवर माझी चौकट कोरी आली.